उसनी आई

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक गणित घालतो. घाबरू नका, पाटी-पेन्सिल लागणार नाही. तोंडीच आहे.

शेळीला सड किती? दोन. बरोबर! आता एक शेळी व्याली आणि तिला करडं झाली तीन. दोघांनी दोन सड पकडले. मग तिसऱ्यानं काय करायचं?

हेच गणित मी वर्गात घातलं, तेव्हा उत्तरांचा नुसता पाऊस पडला. 'पाळीपाळीनं प्यायचं, गुर्जी!' एक जण म्हणाला. 'बाटलीनं पाजायचं,' दुसरी म्हणाली. तिसरा ओरडला, 'भांडायचं!' सगळा वर्ग हसला. पण खरं सांगू? गोठ्यात बहुतेक वेळा हेच होतं. करडं भांडतात. ज्याच्या अंगात जोर, त्याला दूध. जे अशक्त, ते मागं ढकललं जातं. एक दिवस पोट भरलं नाही की ते आणखी अशक्त होतं आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागं पडतं. कोणी लक्ष दिलं नाही, तर दोन-चार दिवसांत ते मान टाकतं.

चौथं उत्तर मागच्या बाकावरच्या एका मुलीनं दिलं. हळूच म्हणाली, 'त्याला दुसरी आई बघायची.'

आज आपण या चौथ्या उत्तराविषयीच बोलू या.

आमचा जिल्हा धाराशिव. २०२३ पर्यंत त्याचं सरकारी नाव उस्मानाबाद होतं आणि त्याच नावाची आमची शेळी देशभर प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, पण शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. तुळजापूर, कळंब, भूम, परंडा, कुठंही जा, बालाघाटच्या उतारावर तुम्हांला ती दिसणार. उंचपुरी, लोंबत्या कानांची आणि बहुतेक वेळा काळीभोर. काही पांढऱ्या, तपकिरी नाही तर ठिपक्यांच्याही असतात. पाऊस कमी, रान खडकाळ, तरी ही बाई बाभळीचा पाला, बोरीची पानं, वाळलेल्या शेंगा असं मिळेल ते खाऊन तग धरते. गाभण राहिली की सुमारे १५० दिवसांनी, म्हणजे पाच महिन्यांनी विते. तिची मोठी ख्याती म्हणजे जुळी करडं. दोन करडं होणं तर नेहमीचंच. अधूनमधून तिळं होतात, क्वचित चारसुद्धा.

ज्यांच्या घरी शेतीचा तुकडाही नाही, अशा कितीतरी घरांचा आधार या शेळ्याच असतात. बोकड विकला की दवाखाना भागतो, वह्या-पुस्तकं येतात, किराणा भरला जातो. म्हणून तिसरं करडू जगलं काय आणि मेलं काय, असं त्या घरात कोणी म्हणत नाही.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलीला हे उत्तर कुठून सुचलं, ते सांगतो.

तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की आमच्या भागातली खूप माणसं साखर कारखान्यांकडं जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर ही मुलगी आजीजवळ राहते. आजीकडं चार शेळ्या. एके सकाळी ती शाळेत आली नाही, म्हणून मधल्या सुट्टीत मी वस्तीवर गेलो. बघतो तर आजी गोठ्यात बसलेल्या आणि नात तिन्ही करडांना पोत्यानं पुसतेय. पहाटे त्यांची शेळी व्याली होती, तिळं झालं होतं. आणि नेमकं त्याच सकाळी शेजाऱ्यांची शेळीही व्याली, पण तिचं करडू अडलं होतं. दिवस पुरे भरलेलं, चांगलं मोठं करडू, पण बाहेर येईपर्यंत गेलं. म्हणजे इकडं तीन करडांना दोन सड, आणि तिकडं दोन सड भरलेले पण प्यायला कोणीच नाही.

नात म्हणाली, 'आजी, ह्ये बारकं देऊ का गं त्यांच्या शेळीला? ह्याला इथं कुणी पिऊच देईना.'

आजी म्हणाल्या, 'न्हाई पोरी. बारकं आपल्या आईपाशीच ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या दारात जायाचं तर अंगात जोर पायजे. ह्यो थोरला दे.'

मलाही हे आधी उलटंच वाटलं. पण थोडा विचार करा. परकी शेळी पहिल्यांदा करडाला ढुशी मारणार, लाथ झाडणार. अशक्त करडू एकाच ढुशीत खाली बसेल आणि पुन्हा उठणारच नाही. दांडगं करडू पुन्हा पुन्हा सडाकडं धावेल. शिवाय दांडगं करडू निघून गेलं की इकडं घरी बारक्याला ढकलणारं कोणी उरलं नाही. एका कामात दोघांची सोय!

पण आजींनी थोरल्याला लगेच नेलं नाही. आधी तिन्ही करडांना आपापल्या आईचा चीक पोटभर पाजला.

चीक म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं, दाट, पिवळसर दूध. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस तुम्ही चापून खाल्ला असेल. पण करडासाठी तो खाऊ नाही, ते औषध आहे. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची काही ताकद आईच्या पोटात असतानाच मिळते. करडू, वासरू, कोकरू आणि डुकराचं पिल्लू यांना ती तशी मिळत नाही. ती सगळी चिकात असते. आणि गंमत अशी, की चिकातली ही ताकद जशीच्या तशी रक्तात शिरू देणारं दार पिल्लाच्या आतड्यात पहिल्या काही तासांत सताड उघडं असतं. मग ते हळूहळू लोटलं जातं आणि साधारण एका दिवसानं बंद होतं. नंतर कितीही चीक पाजा, पोट भरेल, पण ती ताकद मिळणार नाही.

किती चीक हवा? पहिल्या दिवसात पिल्लाच्या वजनाच्या साधारण दहावा भाग. करडू अडीच किलोचं असेल तर? करा गणित. अडीचशे ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा कप. तोही एकदम नाही, थोडा थोडा, चार-पाच वेळा. आणि त्यातला पहिला घोट जन्मल्यावर तासाभरात.

चीक पाजून झाल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. शेजारच्या शेळीजवळ थोरल्याला नेलं. तिनं नाक पुढं केलं, त्याच्या शेपटीखाली हुंगलं आणि दिली ना ढुशी! करडू कोलमडलं. पुन्हा उठलं, पुन्हा ढुशी.

शेळीला आपलं करडू कसं कळतं? डोळ्यांनी नाही, आधी नाकानं. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर गर्भाचं पाणी असतं. एरवी शेळी त्या पाण्याकडं ढुंकूनही बघणार नाही. पण व्याल्याबरोबर तिला त्याची विलक्षण ओढ लागते. ती करडाला चाटत सुटते आणि चाटता चाटता त्याचा वास मनात पक्का करते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पीटर क्लॉपफर आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर एक साधाच, पण फार छान प्रयोग केला. तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. काही शेळ्यांची करडं त्यांनी जन्मताक्षणी उचलून नेली, आईला चाटूसुद्धा दिलं नाही. काही वेळानं परत आणली, तर बहुतेक शेळ्यांनी स्वतःच्याच करडांना हाकलून लावलं! दुसऱ्या शेळ्यांना मात्र करडू आधी फक्त पाच मिनिटं चाटू दिलं आणि मग नेलं. ही करडं तासानं, दोन तासांनी, अगदी तीन तासांनी परत दिली, तरी आयांनी त्यांना जवळ घेतलं. बघा, सगळा खेळ पाच मिनिटांचा! म्हणून शेळी व्याली की करडाला उचलून कौतुक करायची घाई करू नका. आधी आईला चाटू द्या.

हा प्रयोग आजींना कोणी सांगितला असणं शक्य नाही. पण त्यांनी काय केलं ऐका. शेजाऱ्यांच्या मेलेल्या करडाच्या अंगावरची ओल अजून वाळली नव्हती. हाताला पिशवी गुंडाळून त्यांनी ती ओल पोत्याच्या तुकड्यानं टिपली आणि थोरल्याच्या पाठीला, डोक्याला आणि शेपटीखाली चोळली. शेळीला कोपऱ्यात आखूड दाव्यानं बांधलं. तिचंच थोडं दूध काढून त्याच्या तोंडाला आणि अंगाला लावलं. मग शेजारणीनं शेळीचं डोकं धरलं आणि आजींनी करडाला सडाला लावलं. शेळीनं पाय झाडले, मग थांबली. मान वळवून हुंगलं. परत हुंगलं. आणि चाटायला लागली.

'तिला वाटतंय ह्यो आपलाच,' आजी म्हणाल्या. 'वाटू दे. दूध तर खरंच हाय!'

पण लगेच सगळं आलबेल झालं, असं समजू नका. त्या रात्री शेळीनं पुन्हा त्याला लाथा घातल्या. दोन दिवस शेळीला आणि करडाला लहानशा जागेत एकत्र कोंडून ठेवावं लागलं. दर तीन-चार तासांनी कोणीतरी उठून शेळीला धरायचं. या दोन दिवसांत करडाच्या पोटात तिचंच दूध गेलं आणि त्याच्या अंगालाही हळूहळू तिच्या ओळखीचा वास येऊ लागला. तिसऱ्या दिवशी करडू जरा लांब गेलं, तर शेळी घशातल्या घशात बारीक आवाज काढून त्याला बोलवायला लागली. असं बोलावणं सुरू झालं की समजावं, नातं जुळलं.

आणि एकदा जुळलेलं हे नातं शेळी सहजासहजी विसरत नाही. लंडनमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं, की करडं दूध प्यायची बंद होऊन कितीतरी महिने लोटले, तरी शेळ्या त्यांचा आवाज ओळखतात.

इथं एक धोक्याची सूचना. शेळी दिवस भरण्याआधीच विली, गाभ टाकला, मेलेलं करडू वेळेआधी पडलं, तर त्याला किंवा वारेला अजिबात हात लावायचा नाही. त्यातून माणसालाही आजार होऊ शकतो. मोठ्यांना सांगायचं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. आणि गोठ्यात कोणतंही काम केलं, तरी साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, 'गुर्जी, तीन करडांचं जमलं. पण एखादीला चौदा पिल्लं झाली तर?'

होतात की! डुकरिणीला होतात. नाकं मुरडू नका. वळू पाळणारा, कोंबड्या पाळणारा तसाच डुकरं पाळणाराही शेतकरीच असतो आणि त्याचं काम तर फारच बारकाव्याचं असतं. डुकरीण ११४ दिवसांनी विते. लक्षात ठेवायला सोपं आहे: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एका वेताला दहा-बारा पिल्लं सहज होतात. तिला सड असतात साधारण बारा ते चौदा. म्हणजे गणित तेच, फक्त आकडे मोठे.

आणि इथं आपल्या वर्गातलं पहिलं उत्तर, 'पाळीपाळीनं प्यायचं', साफ चुकतं. का? शेळीच्या कासेत दूध साठून राहतं. करडू कधीही लुचलं तरी थोडंफार मिळतंच. डुकरिणीचं तसं नसतं. ती साधारण तासाला एकदा पान्हा सोडते आणि तोही जेमतेम पंधरा-वीस सेकंद! आधी ती आडवी होते आणि हळू लयीत गुरगुरायला लागते. पिल्लं धावत येतात आणि नाकानं कास घुसळतात. मग गुरगुर एकदम जलद होते. दूध येतंय, अशी ती सूचनाच! त्या वीस सेकंदांत जो आपल्या सडाशी आहे, तो प्याला. जो भांडत बसला, तो पुढचा तासभर उपाशी.

म्हणून पिल्लं एक नियम करून टाकतात. पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक जण आपला आपला सड ठरवून घेतो आणि मग दूध तुटेपर्यंत तोच. तुमच्या वर्गातल्या बाकासारखं! पुढचे सड मिळवायला जास्त झटापट होते. त्यासाठी पिल्लांना जन्मतःच सुईसारखे टोकदार आठ दात असतात. आणि ज्या सडाला कोणीच लागलं नाही, तो दोन-तीन दिवसांत आटून जातो. मग त्या वेतात त्यातून दूध येत नाही.

या साऱ्यांवरून डुकरं पाळणाऱ्यांचे नियम ठरले आहेत. ते आजींच्या नियमांशी ताडून बघा हं.

पहिला नियम: पिल्लं मोजायच्या आधी सड मोजा. त्यातही दूध देणारे किती ते बघा.

दुसरा नियम: आधी स्वतःच्या आईचा चीक, किमान पहिले सहा ते बारा तास. मगच दुसरीकडं.

तिसरा नियम: हलवायचं ते पहिल्या एक-दोन दिवसांत. त्यानंतर सडांची वाटणी झालेली असते आणि रिकामे सड आटायला लागलेले असतात.

चौथा नियम: अशक्ताला नव्हे, दांडग्याला हलवा. आणि नव्या घरातल्या पिल्लांच्या साधारण अंगापिंडाचा बघून हलवा.

पाचवा नियम: एकदा दिलं की दिलं. आज इकडं, उद्या तिकडं करायचं नाही. त्यानं भांडणं वाढतात आणि एका खोपीतला आजार दुसऱ्या खोपीत जातो.

बघा, कुठं बालाघाटातल्या आजी आणि कुठं डुकरांचे मोठे फार्म! नियम मात्र जवळजवळ तेच.

एक फरक आहे, तो मोठा मजेदार आहे. परक्या पिल्लाच्या बाबतीत शेळी फार कडक, पण डुकरीण पहिले दोन दिवस फार उदार असते. ती पिल्लांना चाटतही नाही. परकं पिल्लू आलं तर बहुतेक वेळा तिला कळतही नाही. तरी सावधगिरी म्हणून नवं पिल्लू आणि घरची पिल्लं अर्धा तास एका खोक्यात ठेवतात. सगळ्यांना एकच वास लागला की मग सोडतात. डुकरीण खुशाल, पण शेजारचं पिल्लू मात्र सोडत नाही. ते म्हणतं, हा सड माझा! म्हणजे शेळीकडं आईची समजूत घालायची आणि डुकरिणीकडं भावंडांची.

पिल्लं पाजणाऱ्या डुकरिणीची निगाही सोपी नाही. ती दीड-दोनशे किलोंची आणि पिल्लू असतं सव्वा किलोचं. ती खाली बसताना पिल्लू अंगाखाली चिरडलं जाण्याची भीती फार. त्यात तिचा दोष नाही, तिला पाठीमागचं दिसतच नाही. म्हणून खोपीच्या भिंतीपासून वीतभर पुढं आणि वीतभर उंच असा आडवा दांडा बसवतात. डुकरीण दांड्याला टेकते आणि मागच्या फटीत पिल्लू वाचतं. नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते, पण आईला तेवढ्यात उकाडा सोसवत नाही. म्हणून ऊब सगळ्या खोपीला नाही, कोपऱ्यात दिवा लावून फक्त पिल्लांना. ऊब मिळाली की पिल्लं तिथंच झोपतात आणि आईच्या अंगाखाली येत नाहीत.

आणि तिचं खाणं-पिणं? पाजणारी डुकरीण दिवसाला वीस-तीस लिटर पाणी पिते. ते कमी पडलं तर दूध कमी, आणि दूध कमी पडलं की पुन्हा भांडणं. आणखी एक बारकावा. तिच्या दुधात लोह फार कमी असतं. मोकळ्या रानात पिल्लं माती उकरतात, त्यातून त्यांना लोह मिळतं. सिमेंटच्या खोपीत माती कुठली? म्हणून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्यांना लोहाचं इंजेक्शन देतात. नाही दिलं तर पिल्लं पांढुरकी पडतात, धापा टाकतात.

जास्त पिल्लं व्हावीत, असं माणसाला वाटणं साहजिक आहे. डेन्मार्कमध्ये निवडून निवडून अशा डुकरिणी तयार केल्या, की आता एका वेताला सरासरी सतराहून जास्त जिवंत पिल्लं होतात. पण सड काही सतरा नसतात! त्यामुळं तिथं उसनी आई शोधणं हे रोजचंच काम होऊन बसलं आहे. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनंही असाच एक प्रयत्न केला, मेंढ्यांवर. आपल्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. बंगालच्या सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीला मात्र जुळी होतात. तो गुण संकर करून दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. कोकरं वाढली, कमाई वाढली. पण दोन कोकरं पाजणाऱ्या आईला चाराही जास्त लागतो. पिल्लं वाढवायची, तर आईचं ताटही वाढवावं लागतं.

मुलांनो, उसनी आई फक्त गोठ्यातच असते असं नाही. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे गडावर आल्या आणि त्यांनी बाळराजांना दूध पाजलं. संभाजीराजे दोन-सव्वादोन वर्षांचे असतानाच सईबाई गेल्या. धाराऊंना महाराष्ट्र आजही संभाजीराजांची दूधआई म्हणून ओळखतो. आणि अलीकडची गोष्ट सांगायची, तर १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. ज्या आयांना बाळाचं पोट भरून दूध उरतं, त्या ते तिथं देतात. ते तपासून, तापवून, गार करून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बाळांना पाजतात. ते कोणाच्या आईचं, हे त्या बाळाला कधी कळतही नाही. पण बाळ जगतं.

आमच्या वर्गात ऊसतोडीच्या दिवसांत किती तरी मुलं आजीकडं, मावशीकडं नाही तर गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. कोणी कोणाला 'तुझी आई कुठं गेली?' असं चिडवायचं नाही, असा आमच्या वर्गाचा नियम आहे. तो मी केलेला नाही, मुलांनीच केला. तुमच्या वर्गात अशी मुलं असतील, तर डबा खाताना त्यांना आपल्या शेजारी बसवा. पहिला दिवस फार अवघड असतो.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या किंवा शेजारच्या गोठ्यात जुळी करडं असतील, तर तीन दिवस वही घेऊन बसा. कोणतं करडू कोणत्या बाजूचा सड धरतं? रोज तोच धरतं की बदलतं? दोघं एकदम आली तर आई आधी कोणाला हुंगते? कुठं हुंगते? सगळं लिहून पाठवा. फक्त लांबून बघायचं, मध्ये लुडबूड करायची नाही.

आणि जाता जाता एक कोडं. एका शेतकऱ्याकडं तीन डुकरिणी आहेत.

पहिलीला सड १२, पिल्लं ९. काल रात्री व्याली.

दुसरीला सड १२, पिल्लं १५. आज पहाटे व्याली.

तिसरीला सड १४, पिल्लं १०. दहा दिवसांपूर्वी व्याली.

सगळे सड चांगले आहेत. तर मग किती पिल्लं हलवायची? कोणती? कोणाकडं? आणि कधी? तिसरीकडं चार जागा रिकाम्या दिसतात म्हणून फसू नका बरं का! उत्तर कारणासकट लिहा. नुसत्या आकड्याला गुण नाहीत. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.

तुमचे,
गुरुजी